थोरल्या बहिणीचं वय

“पुढे, मावशी, पुढे! तुम्ही उलटे पाय मारताय!”

अल्जियाने पाय थांबवले आणि दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला. सायकल जमिनीला पक्की बसवलेली होती, रस्त्यावर धावायला तिला चाकंसुद्धा नव्हती, तरी आपण आता पडणार याची तिला खात्री वाटत होती. उभ्या जन्मात ती सायकलवर बसली नव्हती. बेजा गावात तिच्या पिढीतली कुठली बाई बसली होती?

“पुढे पुढे काय करतेस पोरी? ही मेली जातेय का कुठे पुढे?”

डॉक्टर इब्तिहालला हसू आवरेना. पस्तिशीची ही बाई राजधानीहून आली होती आणि गावच्या व्यायामशाळेमागच्या खोलीत तिने आपली यंत्रं मांडली होती. काम सांगायला सोपं होतं. चाळिशीपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या धडधाकट बायका तिला हव्या होत्या, दर पाच वर्षांच्या गटात बारा. त्यांना सायकलवर दमवायचं, दर मिनिटाला पेडल जरा जड करत न्यायचं, आणि हृदय कुठवर धावतं, श्वास कुठवर पुरतो ते टिपून घ्यायचं. काही आजार नसलेल्या बाईचीही ताकद वयाबरोबर कशी नि किती ओसरते, एवढंच तिला शोधायचं होतं. पण सत्तरीच्या गटाला बायका मिळता मिळत नव्हत्या. एकीला साखर, दुसरीला रक्तदाब, तिसरी नुसती गुडघ्यांबद्दल बोलायची. अल्जियाचं नाव कुणीतरी सुचवलं तेव्हा डॉक्टर स्वतः तिच्या दारात गेली. ओळखपत्रावर वय बहात्तर. ना गोळी, ना काठी. डॉक्टरला ती पाहताक्षणी आवडली.

“आता ह्या चकत्या छातीला लावते हं. गार लागतील.”

डॉक्टरने एकेक चकती चिकटवली. बरगडीखालची एक नीट बसेना, म्हणून तळहाताने दाबून धरली. अल्जियाने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. अडतीस वर्षं तिने बायकांच्या हम्मामात अंग घासायचं काम केलं होतं. निम्म्या गावाच्या पाठी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. कुणाच्या खांद्यावर तीळ आहे, कुणाच्या दंडावर नवऱ्याची बोटं उमटलीत, तिला सगळं ठाऊक असायचं आणि ती कधी कुणापाशी बोलायची नाही. आता घरोघरी न्हाणीघरं झाली, हम्मामला टाळं लागून दोन वर्षं झाली. नवरा जाऊन नऊ. एकुलती एक मुलगी सिसिलीला मासळीच्या कारखान्यात, दर रविवारी फोन करते आणि घाईत असते. वाटेत कुणी भेटलं की गालाला गाल लावून सलाम होतो तेवढा सोडला, तर अल्जियाच्या अंगाला माणसाचा हात लागलेला नव्हता. डॉक्टरचा तळहात ऊबदार होता. तो तिने काढूच नये असं अल्जियाला वाटलं, आणि ह्या वयात असं वाटल्याची लाजही वाटली.

मग आकड्यांचा तक्ता आला. “तोंडावर मास्क असेल, बोलता यायचं नाही. किती दमलात ते ह्यावर बोटाने दाखवायचं. सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे जीव चालला.”

“मला बाजारातले आकडे येतात. हे दमायचे नाही येत,” अल्जिया म्हणाली. “तू मला हम्मामातलं विचार.”

तसा त्या दोघींचा वेगळाच तक्ता ठरला. एक बोट म्हणजे साधा गुरुवार. दोन बोटं म्हणजे लेकुरवाळ्यांचा दिवस. तीन म्हणजे ईदची आदली दुपार. चार म्हणजे नवरीचं न्हाण, चाळीस बायका, त्यातल्या निम्म्या लठ्ठ. आणि पाच म्हणजे नवरीचं न्हाण असून मदतनीस बाईने दांडी मारलेली. डॉक्टरने हे सगळं गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

सातव्या मिनिटाला अल्जियाने तीन बोटं दाखवली. दहाव्याला चार. घाम हनुवटीवरून गळत होता, मांड्या पेटल्या होत्या आणि कानांत ढोल वाजत होता.

“आणखी एक मिनिट मावशी! नवरीची सासू राहिलीय अजून! तिला तशीच परत पाठवणार?”

अल्जियाने मास्कच्या आत हसून घेतलं आणि सासूलाही घासून काढलं. मग पाची बोटं वर केली.

डॉक्टर पडद्यावरचे आकडे पुनःपुन्हा पाहत होती. “मिनिटाला एकशे त्रेसष्ट ठोके! मावशी, ह्या गटात एकशे पंचावन्नच्या वर अजून एकही बाई गेलेली नाही. आणि श्वासाचे आकडे तर बघा. अहो, तुमचं हृदय बहात्तर वर्षांचं नाहीच आहे. ते चौसष्ट-पासष्टच्या बाईचं आहे!”

अल्जियाच्या अंगावरचा घाम एकदम गार पडला. कारण ती खरोखरच चौसष्ट वर्षांची होती.

हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमदूनच्या डोंगरातल्या खेड्यात तिच्या आईबापांना बावन्न साली पहिली मुलगी झाली. तिचं नाव अल्जिया. सात वर्षांची होऊन ती गोवराने गेली. नोंदणीचं कार्यालय खेचरावरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मेलेल्या पोरीची नोंद करायला कोण जातंय? पुढच्याच हिवाळ्यात दुसरी मुलगी झाली तेव्हा बापाने विचार केला की मुलीचा एक कागद घरात आहेच. नावही होतंच. दोन्ही हिला देऊन टाकलं. त्या डोंगरात असं पुष्कळ घरांत झालं होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. धाकटी सहा वर्षांची झाली, बाप तिला शाळेत घेऊन गेला. मास्तरने कागद पाहिला आणि म्हणाला, “चौदा वर्षांची घोडी पहिलीत बसवू? थट्टा करतोस का माझी?” बापाला खरं सांगायची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर आईने तिला सांगितलं की हा कागद तुझ्या बहिणीचा आहे, आणि हे बाहेर बोललीस तर तुझ्या बापाला धरून नेतील. बाप गेला, आई गेली, नवऱ्याला तिने कधी सांगितलं नाही, लेकीलाही नाही. ती जन्मभर थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली की ओ देत आली.

आणि आज ह्या यंत्राने तिला बरोबर ओळखलं होतं. तारा लावल्या, दमवलं, आणि सांगितलं की ही बाई चौसष्टची आहे. अल्जियाला रडू येईलसं वाटलं. डॉक्टरला वाटलं ती आनंदाने गहिवरली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

“सत्तरीच्या गटातल्या बायकांना मी बारा आठवडे व्यायाम देणार आहे,” डॉक्टर म्हणाली. “दर मंगळवारी दहा वाजता. याल ना मावशी?”

खरं सांगायची वेळ तीच होती. अल्जियाला ते कळत होतं. ती म्हणाली, “येईन की.”

मंगळवार आला की ती पहाटेच उठायची. अंग धुवायची, भाजलेल्या पिठाची बसीसा तेलात कालवून दोन घास खायची आणि साडेनऊलाच जाऊन पायरीवर बसायची. बाकीचे सहा दिवस नुसते मंगळवारची वाट पाहण्यात जायचे. बुधवार सगळ्यांत वाईट. बुधवारी ती बाजारात जाऊन दोनच टोमॅटो आणायची, म्हणजे गुरुवारी पुन्हा जायला काम राहायचं.

मंगळवारी शेजारच्या सायकलवर हाज्जा मन्नूबिया असायची. ही निवृत्त शिक्षिका. खरोखरीच बावन्न सालची, सडसडीत, चष्म्यातून रोखून बघणारी. तीस वर्षं ती हम्मामात अल्जियाकडून पाठ घासून घेत आली होती आणि तीसही वर्षं “जरा हळू गं, माणूस आहे मी, कढई नाही” म्हणत आली होती. मक्केला जाऊन आल्यावर तिच्या नाकावर माशी बसेनाशी झाली होती. तिचा पहिला आकडा आला एकशे सेहेचाळीस.

“म्हणजे चांगला का वाईट?” तिने विचारलं.

“उत्तम हाज्जा. तुमच्या वयाला अगदी जसा हवा तसा.”

“आणि हिचा?”

डॉक्टर मनाने साधी होती, आणि अल्जियाचा तिला भारी अभिमान. तिने आकडा सांगून टाकला. वर म्हणाली, “बघा ना, दोघी एकाच सालच्या! चाळीस वर्षं वाफेत राबण्याचा हा परिणाम असणार. मी त्यावर वेगळा लेख लिहिणार आहे.”

मन्नूबियाने चष्मा पुसला. जन्मभर वर्गातल्या पोरांना नंबर देणाऱ्या बाईला हम्मामवालीच्या खालचा नंबर मिळाला होता.

त्या दिवसापासून तिने ध्यासच घेतला. मंगळवारी पाय मारताना ती अल्जियाच्या पडद्यावरून नजर हलवायची नाही. सकाळी किल्ल्याच्या चढावर दोनदा जाऊ लागली. मीठ सोडलं, रमजानात करतात ते मधात बुडवलेले गोड मखारेक लेकीने समोर ठेवले तरी शिवली नाही. सहाव्या आठवड्यात डॉक्टरने पुन्हा तपासलं. पाय बळकट झाले होते, पहिल्यापेक्षा दीड मिनिट ती जास्त टिकली. पण हृदय एकशे सत्तेचाळीस.

“एकाने वाढलं,” मन्नूबिया म्हणाली.

“हृदयाची वरची धाव व्यायामाने वाढत नाही हाज्जा. वय झालं की ती कमी होते, सगळ्यांचीच. ताकद वाढली, ते बघा ना.”

“सगळ्यांची म्हणू नका. हिची कुठे झालीय?”

बाहेर पडल्यावर तिने अल्जियाचा दंड धरला. एवढ्या वर्षांत तिने आपणहून हात लावायची ही पहिलीच वेळ. “खरं सांग. तू काय खातेस?”

“काय खाणार हाज्जा? जे मिळेल ते.”

“लपवू नकोस. माझा बाप हृदयाने गेला, भाऊ हृदयाने गेला. माझंही पोकळ झालंय आतून, ही पोरगी मला गोड बोलून सांगत नाहीये. रात्री झोप लागत नाही मला.”

अल्जियाने दंड सोडवून घेतला. घरी जाईपर्यंत त्या पाच बोटांची पकड तिच्या दंडावर जाणवत राहिली. बोललं तर मंगळवार जाणार होता. तिने स्वतःची समजूत घातली की म्हातारीला थोडी भीती असलेली बरी, चार पावलं जास्त चालेल.

नवव्या मंगळवारी पुन्हा तपासणी होती. अल्जिया तारा लावून आपल्या पाळीची वाट पाहत बसली होती. मन्नूबिया आली तीच लाल डोळ्यांनी. सायकलवर चढली. चौथ्याच मिनिटाला तिचा आकडा वर उडाला, खाली आला, पुन्हा उडाला. डॉक्टर चपापली. मन्नूबियाचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती जिद्दीने पाय मारत होती.

“थांबा! हाज्जा, थांबा म्हणते ना!”

पेडल सैल करून, दोघींनी मिळून तिला उचलून बाकावर आडवं केलं. अल्जियाने तिचा डोक्यावरचा रुमाल सोडला, गळ्याशी सदरा सैल केला आणि पाठ वरून खाली चोळत राहिली, जशी हम्मामात चक्कर आलेल्या बाईची चोळायची तशी. डॉक्टरने कागदाची पट्टी तीनदा तपासली. पंधरा मिनिटांनी हृदय जागेवर आलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

“काय घेतलं होतंत सकाळी?”

मन्नूबियाने डोळे मिटूनच सांगितलं, “कॉफी.”

“तपासणीच्या दिवशी कॉफी नाही म्हणून बजावलं होतं ना? किती?”

“पाच कप. काळी, उकळून.”

“अहो पण का?”

“धावत नाही ना ते!” मन्नूबिया एकदम रडायलाच लागली. “म्हटलं, कॉफीने तरी धावेल. तिचं एकशे त्रेसष्ट आणि माझं सत्तेचाळीस. दोघी एका सालच्या. ती दिवसभर राबली, मी खुर्चीत बसून शिकवलं. म्हणजे माझ्यातच खोट आहे. सांगत का नाही तुम्ही मला?”

“खोट नाही हो. शंभर वेळा सांगितलं.”

“मग ती?”

डॉक्टरने अल्जियाकडे पाहिलं. त्या नजरेत अजूनही कौतुक होतं. “ती वेगळी आहे हाज्जा,” ती हळूच म्हणाली.

अल्जियाचा हात मन्नूबियाच्या पाठीवर होता. घामाने भिजलेल्या सदऱ्याखाली म्हातारीची हाडं थरथरत होती. जगात कुणी तिला कधी वेगळी म्हटलं नव्हतं. आणखी तीन मंगळवार उरले होते, आणि लेख छापून आल्यावर डॉक्टरने तिला राजधानीलाही बोलावलं होतं. गप्प राहणं तिला नवं नव्हतं, तिने सगळा जन्म त्यातच काढला होता.

“हाज्जा,” ती म्हणाली, “मी बावन्न सालची नाही.”

“म्हणजे?”

“तो कागद माझ्या बहिणीचा. थोरल्या. ती लहानपणीच वारली. मी साठ सालची. मला चौसष्ट वर्षं झालीत.”

मन्नूबियाने चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला.

“चौसष्ट? अगं मेले, म्हणजे आठ वर्षांनी लहान आहेस माझ्याहून! आणि मी दोन महिने तुझ्यामागे धावतेय? मीठ सोडलं मी!” ती रडता रडता हसायला लागली, हसता हसता तिला खोकला आला. “डॉक्टर, म्हणजे माझं हृदय ठीक आहे?”

“अगदी ठीक. पुन्हा कॉफी प्यालात तर मात्र मी जबाबदार नाही.”

मन्नूबियाने दीर्घ श्वास सोडला. मग शिक्षिकेच्या सवयीने तिने मनातल्या मनात काहीतरी मांडलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. “तुझं लग्न कधी झालं गं? मला आठवतंय, तू नवी सून म्हणून हम्मामात आली होतीस, तुझ्या सासूबरोबर, हमादीच्या आईबरोबर.”

“पंचाहत्तर साली.”

“कागदावर तेवीस.”

“हो.”

पुढची वजाबाकी मन्नूबियाने मोठ्याने केली नाही. तिने अल्जियाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मुलगा न्यायला येईपर्यंत सोडला नाही. जाताना म्हणाली, “घरी ये. मंगळवारी माझा व्यायाम झाला की ये.” ती मनापासून बोलत होती, पण मुलाने गाडी सुरू केली होती, आणि घराचा पत्ता सांगायचा राहूनच गेला.

डॉक्टर टेबलाशी बसून होती. तिच्यासमोर अल्जियाची फाइल उघडी होती.

“रागावलीस पोरी?”

“नाही मावशी.” ती नाही म्हणाली खरी, पण तिचा लेख गेला होता आणि ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. “पण मला तुम्हाला ठेवता यायचं नाही. साठीचा गट भरलाय, बाराच्या बारा बायका. आणि मंगळवार सत्तरीच्या बायकांचा.”

“समजलं मला.”

“नुसतं भेटायला या केव्हाही.”

“हो, येईन,” अल्जिया म्हणाली. दोघींनाही ठाऊक होतं की ती यायची नाही. “एक सांग. चौसष्टच्या बाईचं एकशे त्रेसष्ट म्हणजे कसं?”

“म्हणजे चांगलं. जेवढं असायला हवं तेवढं.”

“म्हणजे चारचौघींसारखं.”

“हो.”

अल्जियाने मान डोलावली. तिला वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही. डॉक्टरने नवा कोरा कागद ओढला.

“नोंद दुरुस्त करावी लागेल. बाहेर कुठे जात नाही ती, फक्त माझ्याकडे राहते. कुणी तुम्हाला विचारायला यायचं नाही. जन्म कधीचा?”

“साठ साल. बर्फ पडला होता, आई सांगायची. बापाने दारापासून गोठ्यापर्यंत वाट खणली होती.”

“म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. आणि नाव? तुमचं स्वतःचं?”

“अल्जियाच. दुसरं ठेवलंच नाही कुणी.”

डॉक्टरने लिहिलं. अल्जियाने कागद आपल्याकडे वळवून घेतला. अक्षरं तिला कळत नव्हती, पण आकडे कळत होते. एक, नऊ, सहा, शून्य. तिने त्यावरून बोट फिरवलं. हे साल तिच्या नावासमोर आजवर कुणीच लिहिलं नव्हतं. मग डॉक्टरने कागद परत घेतला, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली आणि वर एक शब्द लिहिला.

“काय लिहिलंस?”

“‘वगळले’ असं. नियम आहे मावशी.”

“फाडणार आता?”

“छे. वगळलेले कागदही जपून ठेवावे लागतात. त्या खालच्या कपाटात.”

“किती दिवस?”

“पंधरा वर्षं.”

अल्जियाने बोटांवर मोजलं. चौसष्ट आणि पंधरा.

“पुरेत,” ती म्हणाली.